बेळगावातून मराठीत छोटं साहित्यिक त्रैमासिक काढायचंय, अनुभव असलेल्यांनी सांगा

टिळकवाडी_तिसरं_गेट

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं आहोत, एक हायस्कूलला मराठी शिकवते, एक बँकेत, एकाचं उद्यमबागेत छोटं वर्कशॉप आहे आणि मी पुण्याच्या कंपनीचं काम घरात बसून करतो. शनिवारी संध्याकाळी जमतो, एकमेकांचं लिहिलेलं वाचतो, भांडतो. आता असं डोक्यात आलंय की बेळगाव, खानापूर, निपाणी आणि तिकडं चंदगडपर्यंत जी माणसं लिहितायत, आणि लिहून व्हॉट्सॲपवर टाकून मोकळी होतायत, त्यांच्यासाठी एक छोटं त्रैमासिक काढावं. ८० पानं, कथा, कविता, पेपरात जागा मिळत नाही असा एखादा मोठा लेख, आणि प्रत्येक अंकात कन्नडमधून एक तरी अनुवाद. दिवाळी अंक काढायचा नाही हे मात्र पक्कं. दिवाळी अंक म्हणजे गणपती झाले की दुकानं फिरायची, सराफाची पानभर जाहिरात, शुभेच्छुक म्हणून कुणातरी पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो, आणि मधे कुठंतरी कथा.

अडचण अशी की प्रत्येकजण वेगळं सांगतोय. एक म्हणतो नोंदणीशिवाय एक पान छापलात तरी केस होईल, दुसरा म्हणतो कोण विचारतंय. प्रती किती काढायच्या, १०० की ५००? पोस्टानं पाठवणं अजून परवडतं का? एक ओळखीचे काका म्हणाले कव्हरवर सीमाप्रश्न घ्या, नाहीतर इथं कोण हातात धरणार नाही. आणि आमच्यातल्याच एकाचं म्हणणं की छापायचंच कशाला, पीडीएफ करू. आम्ही महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकतोय, वर्षाचे चार अंक निघतील एवढे होतील. त्यापुढं काय ते माहीत नाही. ज्यांनी असं काही काढलंय, विकलंय, बंद केलंय त्यांनी जरा बोला.

जुना_कंपोझिटर

बंद केलेला मी आहे, म्हणून आधी बोलतो. इथंच एक अंक चालवत होतो, नाव सांगून उपयोग नाही, आता कुणाला आठवणार पण नाही. खिळे जुळवण्यापासून ऑफसेटपर्यंत सगळं बघितलो. त्यावरनं एक सांगतो, छपाईच्या खर्चानं अंक मरत नाही. पहिल्या अंकाला पैसे येतातच, मामा देतो, मित्र देतो, एखादा डॉक्टर देतो. मरतो तो दुसऱ्या वर्षाच्या वर्गणीला. वर्गणी संपली म्हणून आपणहून पाठवणारा माणूस मी तरी बघितलो नाही, आठवण करावी लागते, आणि संपादकाला कविता परत करायला काही वाटत नाही पण पैसे मागायला लाज वाटते. तुमच्या चौघांत ही लाज कुणाला नाही ते आधी बघा, माझ्या मते वर्कशॉपवाला असणार, उधारी वसूल करायची सवय असते त्यांना. संपादक कोण ते नंतर ठरलं तरी चालतंय.

आजीव वर्गणी अजिबात घेऊ नका. मोह सगळ्यांना होतो. एकदम दोन-तीन हजार हातात येतात, वाटतं निधी झाला, तो निधी दोन अंकांच्या कागदात जातो आणि मग त्या माणसाला तो असेपर्यंत अंक पाठवत बसायचं, टपालखर्च आपला. बहुतेक वेळा तो माणूस ठणठणीत असतो आणि अंकच आधी जातो, आणि मग तो लग्नात भेटला की विचारतो, काय ओ, आमचे पैसे घेतलात की. वार्षिक घ्या, फार तर तीन वर्षांची, आणि तीन वर्षांची घेतलात तर पुढच्या दोन वर्षांचे पैसे वेगळ्या खात्यात टाका, हात लावू नका.

मानार्थ प्रतींचं पण तसंच. लेखकाला एक प्रत द्यायची, ती द्यायलाच पाहिजे, मानधन देत नसलो तर दोन द्या. पण प्राचार्य, माजी आमदार, वाचनालयाचे अध्यक्ष, समीक्षक म्हणून पुण्या-मुंबईचे पंधरा-वीस, असं करत करत ३०० मधल्या १०० कधी जातात कळत नाही. समीक्षकाकडं गेलेल्या अंकाची पोच येत नाही. पोच आली तर 'अंक मिळाला, सवडीने वाचतो' एवढी.

चार अंकांपुढं काय ते माहीत नाही म्हणालात. १९५४ ला कोलटकर, चित्रे मंडळींनी 'शब्द' काढलं ते सायक्लोस्टाइल करून, अशोक शहाण्यांचं 'असो' १९६३ चं, दोन्ही फार वर्षं चालली नाहीत, तरी मराठी कवितेबद्दल बोलायचं तर आज पण त्यांचं नाव घ्यावं लागतंय. उलट 'सत्यकथे'च्या मागं मौजेसारखी संस्था होती, तरी १९८२ ला बंद झालं. तेव्हा वर्षं मोजू नका. पण मुंबईचं ते मुंबईचं, तिथं लिहिणारे लोकल पकडून एकमेकाला भेटत होते. आपल्यासारख्या गावाला जवळचं उदाहरण बघायचं तर आंबोली उतरून सावंतवाडीला बघा, प्रवीण बांदेकरांनी तिथं बसून 'नवाक्षर दर्शन' चालवलं. अंक मोठ्या शहरातनंच निघाला पाहिजे असं काही नसतंय.

नियम_अटी_लागू

नोंदणीचं मी सांगतो, माझं रोजचं काम कागदपत्रांचंच आहे.

१८६७ चा जुना प्रेस ॲक्ट आता नाही. त्याच्या जागी २०२३ चा प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ पीरिऑडिकल्स ॲक्ट आलाय, १ मार्च २०२४ पासून लागू. पूर्वी डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात डिक्लरेशन, मग टायटलसाठी दिल्ली, मग परत डीसी ऑफिस असे खेटे असायचे. आता प्रेस सेवा पोर्टलवर एकच ऑनलाइन अर्ज, तो प्रेस रजिस्ट्रारकडं (आपण आरएनआय म्हणायचो तेच) आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडं एकदमच जातो, जिल्ह्यानं आपलं म्हणणं ६० दिवसांत कळवायचं असतं. व्याख्या अशी आहे की ठराविक काळानं निघणारं आणि ज्यात सार्वजनिक बातम्या किंवा त्यावर भाष्य आहे ते नियतकालिक, पुस्तकं आणि शास्त्रीय, तांत्रिक, शैक्षणिक जर्नलं यातनं बाहेर. आता तुम्ही म्हणाल आमच्यात नुसत्या कथा-कविता, पण तुमचा तो 'मोठा लेख' महापालिकेच्या मराठी फलकांवर आला की भाष्य झालंच. तेव्हा नेमानं दर तिमाहीला काढणार असाल तर नोंदणी करून टाका. न करता काढलं तर दंड ५ लाखांपर्यंत जाऊ शकतो, आणि 'कोण विचारतंय' म्हणणारा गृहस्थ तो भरायला येणार नाही.

नावाची एक गंमत आहे, ती आपल्याकडच्यांनाच जास्त लागते. नियम असा की त्याच भाषेत देशात कुठंही दुसऱ्या कुणाचं तसं नाव असेल तर मिळत नाही, आणि त्याच राज्यात दुसऱ्या कुठल्याही भाषेत असेल तरी मिळत नाही. म्हणजे पुणे-नागपूरपर्यंतची मराठी नावं पण बघायची आणि बिदरपासून म्हैसूरपर्यंतची कन्नड पण. 'संवाद', 'संक्रमण', 'प्रतिभा' असली संस्कृत नावं दोन्ही भाषांत सारखीच चालतात, त्यामुळं ती आधीच कुणीतरी घेतलेली असण्याची शक्यता दुप्पट. इथल्या बोलीतलं, शेतातलं, स्वयंपाकघरातलं एखादं आडवंतिडवं नाव शोधा, आणि एकावर न थांबता चार-पाच पर्याय तयार ठेवा.

पोस्टाचं दुःख मोठं आहे. रजिस्टर्ड बुकपोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, साधं रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच घातलं. १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट आलंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १००, वर कर. दर बरा आहे, ट्रॅकिंग पण मिळतं. पण त्यात ठराविक काळानं निघणारी प्रकाशनं घेत नाहीत आणि जाहिराती असलेली पण घेत नाहीत. आणि पेपरवाल्यांना ५० ग्रॅमला २५ पैसे अशी जी सवलत मिळत आली तिची जुनी अट अशी की दोन अंकांत ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. म्हणजे मासिकाला सवलत, पुस्तकाला ज्ञान पोस्ट, आणि त्रैमासिक मधल्या मधे लोंबकळत.

त्यामुळं माझा सल्ला, त्रैमासिक म्हणूच नका. अनियतकालिक काढा, खरोखरचं अनियत. मजकूर जमला की एक संकलन, प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा नंबर (राजा राममोहन रॉय एजन्सीकडं ऑनलाइन अर्ज करायचा, फुकट आहे), जाहिराती शून्य, मुद्रक-प्रकाशकाचं नाव ठळक. असं केलं तर ते सरळ पुस्तक होतं. मात्र दर तीन महिन्यांनी ठरल्या तारखेला काढून वर पुस्तक म्हणणार असाल तर ते मांजर डोळे मिटून दूध पितंय, बघणारे बघतात.

अजून एक, छापून झाल्यावर कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि बाकीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात, १९५४ चा कायदा आहे. छोटे लोक पाठवत नाहीत आणि मग पन्नास वर्षांनी पीएचडीवाला अंक शोधत घरोघर हिंडतो.

पीएचडीवरून आठवलं, आयएसएसएन (नियतकालिकाला मिळतो तो नंबर) घेतला की प्राध्यापक मंडळींचे फोन सुरू होतील, लेख छापा, लागेल तो खर्च देतो. यूजीसीनं मान्य जर्नलांची ती केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, तरी सवय गेलेली नाही. एकदा पैसे घेऊन लेख छापला की तुमचा अंक कुणी वाचणार नाही, नुसता फाइलला लागेल.

खानापूरची_लेक

एवढं पोस्टावर अडून बसू नका हो. आपल्या भागात अंक पोस्टानं कमी आणि हातानं जास्त जातो. हिवाळ्यात ग्रामीण संमेलनांचा हंगाम असतो, कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी, बेळगुंदी, तिकडं निपाणीकडं कारदगा. ग्रंथदिंडी, उद्घाटन, कथाकथन, जेवण, कविसंमेलन, आणि सगळा गाव मांडवात. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना याचं फार आश्चर्य वाटतं, की साहित्य संमेलनाला डोक्यावर पदर घेतलेल्या बायका पुढच्या रांगेत कशा.

मी एका अंकाचं टेबल लावून अशा ठिकाणी बसलेय. सकाळी कुणी काही घेत नाही, दिंडीत असतात. जेवणाआधी पण नाही. खरी विक्री कथाकथनानंतर. त्यामुळं संयोजकांना आधी भेटून ठेवा, कथा सांगणाऱ्यांची एखादी कथा तुमच्या अंकात घ्या, आणि कथा संपली की माइकवरून एवढंच सांगायला लावा की ही गोष्ट छापून आलीये, बाहेर टेबलावर आहे. टेबलावर आलेला माणूस अंक उघडतो तो अनुक्रमणिकेवर, आणि पहिला प्रश्न असतो, आमच्या गावचं कोण हाय यात? म्हणून लेखकाच्या नावाखाली गाव छापाच. नंदगड, जांबोटी, सुळगा, बेनकनहळ्ळी, जे असेल ते. ज्या गावचं नाव दिसतं त्या गावात पाच प्रती जातात, हे अगदी ठरलेलं. क्यूआर कोड टेबलाला चिकटवा आणि सुट्टे पण ठेवा, म्हातारी माणसं लुगड्याच्या गाठीतून नोट काढतात.

बाकी वर्षभर शिक्षक. मराठी शाळांतले शिक्षक हे आपलं खरं वितरण खातं आहे, एकेकाकडं दहा-दहाचा गठ्ठा द्या, पण हिशोब अंक देतानाच लिहून ठेवा, दुसरा गठ्ठा पहिल्याचे पैसे आल्याशिवाय नाही. दुकानात ठेवायचं तर कमिशन धरून किंमत ठरवा आणि मधेमधे जाऊन बघा, आमचे अंक एका ठिकाणी पंचांगाच्या गठ्ठ्याखाली सापडले होते, दुकानदार म्हणाला संपले बहुतेक.

आणि सार्वजनिक वाचनालयात एक संच द्या. १८४८ पासूनचं वाचनालय आहे, तिथं तुमचा अंक राहील, आणि तिथं रोज येणारे जे आजोबा लोक आहेत ते शुद्धलेखनाच्या चुका पानांक टाकून कळवतील, ते पण हवंच की.

आता न विचारलेलं सांगते. छोट्या गावात संपादकाचं सगळ्यात कठीण काम म्हणजे नाही म्हणणं. मुंबईच्या संपादकानं कविता परत केली तर तो कवी त्याला आयुष्यात भेटत नाही. इथं तो कवी तुमच्या पोराचा हेडमास्तर असतो, नाहीतर नणंदेचा दीर, दुसऱ्या दिवशी भाजी घेताना समोर. आणि कविता इतक्या येतात, आई, पाऊस, बळीराजा, परत आई. आम्ही बघितलेलं असं की संपादक पहिल्या दोन अंकांत कडक असतो, तिसऱ्यात एक घेतो 'यांना नाही म्हणता येत नाही' म्हणून, आणि ती एक बघून बाकीचे चाळीस पाठवतात. नकार लेखी द्या, दोन ओळी तरी खरं कारण लिहा, आणि महिन्याभराच्या आत द्या. गप्प बसणं हा सगळ्यात मोठा अपमान असतो, नकारानं माणसं एवढी दुखावत नाहीत.

निपाणकर

सगळं बरोबर, पण त्या काकांचं काय चुकलं ते मला कळंना. बेळगावात मराठीत काढायचं आणि सीमाप्रश्नाचं नाव नाही घ्यायचं, का? १९४६ ला इथंच संमेलन झालं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष, तिथंच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. साहित्य आणि सीमा आपल्याकडं कधी वेगळी नव्हतीच. आणि वर परत कन्नडचे अनुवाद. आमच्या शाळा बंद पडाय लागल्यात, कागदपत्रं मराठीत मिळत न्हाईत, आणि आपण त्यांच्या कथा आपल्या खर्चानं छापायच्या? त्यांच्याकडं अकादम्या आहेत, अनुदानं आहेत, ते छापत्यात का आपलं? जरा विचार करा एवढंच.

टिळकवाडी_तिसरं_गेट

निपाणकर दादा, राग समजतो, आमच्या घरात पण हीच चर्चा होते. सीमाप्रश्न नको असं आम्ही म्हणत नाही. फक्त 'सीमाप्रश्न' म्हणून लेख मागवला की तोच तोच लेख येतो, १९५६, महाजन अहवाल, सुप्रीम कोर्ट २००४, शेवटी घोषणा. तो लेख आपण सगळ्यांनी शंभरदा वाचलाय. आम्हाला हवंय ते असं की १ नोव्हेंबरला एका घरात काळा दिन असतो आणि त्याच घरातली पोरगी शाळेत कर्नाटक राज्योत्सवाच्या नाचात असते, त्या घरातला तो दिवस कुणीतरी कथेत लिहावा. किंवा सातबारा, म्हणजे इथला उतारा, कन्नडमध्ये आलाय आणि म्हातारा तो शेजारच्या पोराकडून वाचून घेतोय. तसं कुणी लिहून दिलं तर पहिल्या पानावर घेऊ. तुम्ही लिहिता का? खरंच विचारतोय.

निपाणकर

तंबाखूच्या वखारीतल्या बायकांवर लिहिलंय थोडं. आईच्या ऐकीव गोष्टी हायत. कथा म्हणता येईल का म्हाईत नाही. पाठवतो. पण अनुवादाचं माझं मत तेच.

धारवाडची_सून

मी बेळगावची, लग्न होऊन धारवाडात आले, आता दोन्ही भाषांत वाचते. 'संक्रमण'चं नाव वर कुणीतरी उदाहरण म्हणून घेतलंय, ते खरोखरचं कन्नड नियतकालिक होतं बरं का, इथलंच. १९६४ ला चंपा म्हणजे चंद्रशेखर पाटील, गिरड्डी गोविंदराज आणि सिद्धलिंग पट्टणशेट्टी या तिघांनी सुरू केलं, तिघंही तेव्हा तरुण, आणि पुढं चंपांनी ते वर्षानुवर्षं एकट्यानं ओढलं. बंडाय (बंडखोर साहित्याच्या) चळवळीच्या काळात कन्नडमध्ये ज्याला काही वेगळं म्हणायचं होतं तो त्यात लिहायचा. आपल्याकडं 'असो', 'वाचा' निघत होती ती 'संक्रमण'च्या सुरुवातीचीच वर्षं, आणि दोन्हीकडच्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता, मधे फक्त बेळगाव. मला तर वाटतं बेळगावच्या अंकाला जे काम दुसरं कुणी करू शकत नाही ते हेच आहे. पुण्याच्या संपादकाला कन्नड येत नाही. आपल्याकडं रिक्षावाल्याला पण येतं.

निपाणकरांना एवढंच सांगते, बेंद्रे घरात मराठी बोलायचे. कन्नडचे एवढे मोठे कवी, १९७३ चं ज्ञानपीठ, आणि मराठीत पण लिहीत होते. त्यांना इकडचे की तिकडचे असं कुणी विचारलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे.

पैशाबद्दल पण धारवाडचं एक बघण्यासारखं आहे. मनोहर ग्रंथमाला, जी. बी. जोशींनी १९३३ मध्ये सुरू केली, वाचकांकडून वर्षाची वर्गणी आधी घ्यायची आणि वर्षभरात पुस्तकं द्यायची. एका माडीवर चालायचं सगळं. चांगला सल्लागार (कीर्तिनाथ कुर्तकोटी) आणि वर्गणीदारांची यादी, यावर कन्नडमधली एवढी मोठी नाटकं-कादंबऱ्या निघाल्या. म्हणजे नियम_अटी म्हणतायत तसं संकलन-पुस्तक आणि कंपोझिटर काका म्हणतायत तशी वार्षिक वर्गणी, दोन्ही एकत्र बसतं की, वर्षाला तीन संकलनं देऊ एवढंच वचन द्यायचं, तारीख द्यायची नाही.

अनुवादाला मूळ लेखकाची लेखी परवानगी घ्या, ईमेल चालतो. कन्नड लेखक सहसा खुशीनं देतात, आणि अंक हातात आल्यावर फोन करतात, हा माझा अनुभव. आपल्याकडचे करत नाहीत, असो.

डीटीपी_रात्रपाळी

कामाचं बोलतो, वेळ कमी आहे. पानं १६ च्या पटीत ठेवा, फॉर्म १६ पानांचा असतो, ८० म्हणजे पाच फॉर्म, बरोबर बसतं. ८४ केलं की कागद आणि पैसे दोन्ही वाया, म्हणून शेवटची चार पानं भरायला कविता शोधायच्या नाहीत, कापायच्या. २००च्या आत प्रती असतील तर डिजिटल प्रिंट, ३००-४०० च्या पुढं ऑफसेट परवडायला लागतं. मी तर ३०० म्हणेन. कव्हर रंगीत, आत एकच रंग, मॅपलिथो ७० जीएसएम. कागदावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून १२ चा १८ झालाय हे कोटेशन घेताना धरा, जुना रेट सांगून नंतर वाढवतात.

टाइपसेटिंग युनिकोडमध्येच करून घ्या. अजून पुष्कळ ठिकाणी पेजमेकर आणि श्रीलिपीवरच चालतंय, तुम्ही युनिकोडमध्ये पाठवलेलं ते कन्व्हर्टर मारून घेतात आणि सगळे 'ऱ्य' मोडतात, 'दुसऱ्या'चं 'दुसर्‍या' नाहीतर 'दुसर्या' होतं, 'ॲ' जातो, अवतरणचिन्हं उलटी होतात. आणि आपल्याकडचा ऑपरेटर कन्नड काम जास्त करणारा असेल तर चुका त्याच्या डोळ्याला दिसत नाहीत, त्याचा दोष नाही. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू केला का विचारा, नसेल तर वेलांट्या भलतीकडं जातात. शेवटचं प्रूफ छापील कागदावर बघा, मोबाइलवर नाही, आणि कवितेच्या ओळी कुठं तुटतात ते कवीलाच बघू दे.

कोल्हापूरहून छापून आणणार असाल (स्वस्त पडतं कधीकधी) तर संमेलनाच्या आदल्या दिवशी आणायचा बेत करू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाषेवरून बस कंडक्टरला मारहाण झाली तसं काही झालं की दोन्हीकडच्या बस बंद, आणि तुमचे गठ्ठे पलीकडं.

अर्धा_कप_चहा

मी पीडीएफवाल्या मित्राच्या बाजूनं. माझं वय बावीस, मी अंक विकत घेऊन वाचलेला नाही कधी, पण कथा वाचतो, इन्स्टावर लोक पानांचे फोटो टाकतात तिथनं. पीडीएफ ग्रुपवर टाकली की कुणी उघडत नाही हे खरं आहे, ८० पानं कोण उघडणार. पण एकेक कथा वेगळी, लिंक करून, महिन्याला दोन, आणि लेखकाच्या आवाजात ऑडिओ. तो निपाणकर काकांचा वखारीतला किस्सा त्यांच्याच बोलण्यात ऐकायला मिळाला तर मी शंभर जणांना पाठवेन. छापा पण, दोन्ही करा ना, भांडताय कशाला.

टिळकवाडी_तिसरं_गेट

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. काल चौघं बसलो. त्रैमासिक रद्द, वर्षाला तीन संकलनं, तारीख नाही, जाहिरात नाही, पहिलं ३०० प्रती. नावाखाली गाव छापणार. अनुवाद राहणार (सॉरी दादा). ऑडिओचं काम बावीस वर्षांच्या माणसाला देतोय, त्यानं हो म्हटलं तर. वसुली वर्कशॉपवाल्याकडं, त्यानं लगेच एक वही केली आणि आमच्याच तिघांकडून वर्गणी घेतली.

एक राहिलं, किंमत. ८० पानांचं आहे म्हणून ५० ठेवावी असं आमच्या बाई म्हणतायत, विद्यार्थ्यांना परवडेल.

जुना_कंपोझिटर

५० ठेवू नका. दुकानदाराचं कमिशन गेलं, पोस्टाचे २० गेले, कागद आणि छपाई तर अजून धरलोच नाही. १२० ठेवा, संमेलनात १०० ला द्या, लोकांना वीस कमी केलं की बरं वाटतंय आणि सुट्ट्याची पण कटकट नाही. विद्यार्थ्याला द्यायचंच असेल तर ५० ला हातानं द्या, छापू नका ते. आणि बेरीज करताना ३०० प्रती धरू नका, २०० च धरा, बाकीच्या शंभरात खराब निघालेल्या, फुकट गेलेल्या आणि पैसे न आलेल्या सगळ्या येतात. माझी वर्गणी कुठं पाठवायची ते सांगा, वार्षिकच पाठवणार.